कमरेच्या वर न जाणारं झाड

आमच्या मोंतान्य ब्लांश गावात कुणालाही विचारा, बसंतीनं स्वतः लावलेली झाडांची हेज स्वतःच्याच हातानं का तोडली. सांगतील, बाईचं डोकं फिरलं होतं. फिरलं होतंच, मी कुठं नाही म्हणते. पण ते कशानं फिरलं, हे विचारायची अक्कल एकालाही झाली नाही, म्हणून मीच, ती बसंती, सांगते.

निर्मला माझी. माझ्या पोटची. माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत झाली ती. माझी मोठी जाऊ भगवती, तिच्या लग्नाला तेव्हा कैक वर्षं उलटली होती आणि कूस काही उजवली नव्हती. कालीमाईचे नवस झाले, शिवरात्रीला ग्रां बासांच्या तळ्यापर्यंत कावड घेऊन चालून झालं, पोर्ट लुईच्या डॉक्टरांकडे खेपा झाल्या. मग पोरीच्या बारशाच्या दिवशी सासूनं पाळण्यातून पोर उचलली, माझ्या हातात दिली आणि चारचौघांत म्हणाली, "घाल जावेच्या ओटीत."

मी म्हटलं, "आई, पहिलंच आहे हो माझं."

"म्हणूनच सांगते," ती म्हणाली. "पहिला ऊस तोडला म्हणून शेत संपतं का ग? खोडवा फुटतो. तुझं वय काय, तुझी तब्येत काय. पुढची सगळी तुझीच."

आमची सगळी माणसं उसातली. पणजोबा कोकणातून बोटीनं या बेटावर आले ते उसासाठी, आणि तेव्हापासून आम्हाला एकच शहाणपण ठाऊक: बुडापासून तोडलं की परत फुटतं. लावलेला ऊस सहा-सात वर्षं तसाच फुटत राहतो. त्यामुळे सासूचं बोलणं कुणाला खोटं वाटलं नाही, मलाही नाही. भगवतीनं पदर पसरला आणि मी घातली पोर तिच्या ओटीत. अशा वेळी रडायचं नसतं म्हणतात, म्हणून रडले नाही. गणपतीपुढे नारळ ठेवून शब्दही दिला, की पोरीला हे कधी सांगणार नाही. गावात मोठ्यांना सगळ्यांनाच माहीत होतं, पण असली गोष्ट आमच्यात कुणी लेकरांच्या कानावर घालत नाही.

माझा खोडवा फुटला नाही. एकदा राहिलं होतं, तिसऱ्या महिन्यात गेलं. त्यानंतर ते दार बंद झालं ते झालंच.

तरी मी काढले असते दिवस, कारण आंगण एकच होतं. या बाजूला आमचं घर, त्या बाजूला मोठे भाऊजी इंद्रदेव आणि भगवती यांचं, मधे नळ आणि कपडे धुवायचा दगड. निर्मला दिवसातून दहा वेळा माझ्या दारात यायची. काकी भूक लागली, काकी केस विंचर, काकी बघ माझी बाहुली. मी काकी तर काकी. नावात काय आहे, पोर डोळ्यांपुढे होती.

मग सासू गेली. पंच्याहत्तरच्या वादळानं सामाईक सैपाकघराचे पत्रे उडवले, तेव्हा चुली वेगळ्या झाल्या. आणि एक दिवस निर्मला पळता पळता दगडावर आपटली. गुडघा फुटून रक्त आलं. भगवती तिच्या अगदी जवळ उभी होती, हात पुढे करून. पोर तिच्या हाताखालून निसटली आणि भोकाड पसरून माझ्याकडे धावत आली. मी तिला उचललं, आणि भगवतीचं तोंड बघितलं तेव्हाच समजले की आता काहीतरी होणार.

त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "मधे काहीतरी घालायला पाहिजे."

मोठ्या भाऊजींच्या मनात भिंत होती. माझा नवरा तुलसीराम एरवी तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा माणूस, पण त्या दिवशी बोलला. "आई जाताना सांगून गेली, भावाभावांच्या मधे भिंत नको. ती असेपर्यंत नव्हती, आता कशाला?"

"मग हेज लावा," भगवती म्हणाली. "पण बारा महिने हिरवी पाहिजे. थंडीत पानं गळून चाळणी होते तसली मला नको. आणि ती हेज कधी गेली, तर मग भिंत. तेव्हा आईचं नाव काढायचं नाही."

चाळणी म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं. त्या चाळणीतून कोण कुणाला बघणार, ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

मी लगेच म्हटलं, "मी लावते. माझ्या बाजूनं. पाणी मी घालीन, निगा मी राखीन." बारा महिने हिरवं पाहिजे ना तुला? घे. पण झाड किती उंच व्हायचं ते काही तू बोलली नाहीस. मी मनात ठरवलं, असं झाड शोधायचं की जे कमरेच्या वर जाणार नाही. तिला हिरवं मिळेल आणि मला माझी पोर दिसत राहील.

दोघी मिळून बसनं क्युरपीपला गेलो, तिथल्या एका रोपवाटिकेत. नेहमीसारखा तिथं पाऊस. भगवती लग्नाला जायची साडी नेसून आलेली. मी तिच्या मागून छत्री धरून चालत होते. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय माया आहे जावाजावांची.

पहिल्यांदा तिनं बांबूपुढे पाय रोवले. आमच्याकडे निम्म्या गावाला बांबूचीच हेज असते, दाट, सरळ कापलेली. मी म्हटलं, "नको, उंदीर होतात त्यात." मग क्रोटन आले, लाल-पिवळ्या पानांचे. ते मला चालले असते, पण ती म्हणाली, "खालून उघडं पडतं हे." एका कोपऱ्यात बुई होती, बारीक, चकचकीत पानांची, गुडघ्याएवढी. माळी म्हणाला की ही अगदी सावकाश वाढते, म्हाताऱ्या बायकांच्या बागेत असते. माझा जीवच जडला तिच्यावर. भगवती वाकून बघत म्हणाली, "हे कुंपण आहे की देवाला वाहायच्या दुर्वा?" मग ती अराउकारियाखाली जाऊन उभी राहिली, वर बघत. ते झाड देवळाच्या कळसाला लागेल एवढं होतं. "जाऊबाई," मी म्हटलं, "याच्या सावलीत तुमचे कपडे जन्मात वाळायचे नाहीत." तेव्हा कुठं हलली.

शेवटी थुया दिसल्या. गोल गोल, हिरव्या-सोनेरी, चपटी पानं पंखासारखी उभी. आमच्या देवळात एकदा भारतातून आलेले पंडित तिला मोरपंखी म्हणाले होते. खालपासून वरपर्यंत भरलेली, कुठं छिद्र नाही. भगवती गुलाब बघायला पुढे गेली तशी मी माळ्याला हळूच विचारलं, किती वाढेल हो ही? त्यानं आपला हात स्वतःच्या कमरेशी धरला. "नेन, मादाम. ली पा पू ग्रांदी." बुटकी जात आहे, वाढायची नाही. मी परत विचारलं. त्यानं परत हात कमरेशीच धरला. देव भेटल्यासारखं झालं मला.

मी रोपं निवडून बसस्टॉपकडे नेऊ लागले, तेव्हा भगवती मागे राहून त्याच्याशी काहीतरी बोलली. बसमध्ये ती खूश, मीही खूश. आमच्या दोघींच्या मांडीवर तीच झाडं, आणि दोघींच्या तोंडावर हसू. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पुढे कळलं, तिला त्या मेल्या माळ्यानं सांगितलं होतं, पाच वर्षांत तुमच्या डोक्यावर जाईल, काळजी नको. गिऱ्हाईक दोन आणि तोंड एक, त्यानं दोघींनाही आवडेल ते सांगून माल विकला.

पहिली वर्षं माझ्या मनासारखी गेली. रोपं गुडघ्याला होती, मग मांडीला. मी दगडावर कपडे आपटत असायची आणि पलीकडे निर्मला शाळेचा निळा युनिफॉर्म घालून पडवीत उभी, भगवती तिच्या वेण्या घालत. वेणीची लाल रिबन कधी सुटते, चप्पल कधी तुटते, खोकला कधी लागतो, सगळं मला इथून दिसायचं. बोलायचं कमी झालं होतं. भगवती लगेच हाक मारून आत घ्यायची. पण बघायला कोण अडवणार?

मग झाडं कमरेला आली. मी वाट बघितली, आता थांबतील. नाही थांबली. त्या पावसाळ्यात छातीला लागली. मी कातरीनं वरचे कोवळे शेंडे खुडायला लागले, दुपारी, कुणी नसताना. भगवतीच्या नजरेतून काय सुटतंय. म्हणाली, "बसंती, शेंड्यांना हात लावू नकोस. निगा राखीन म्हणालीस, छाटीन म्हणाली नव्हतीस."

पोरही वाढत होती. मी रोज मनात दोघांना शेजारी उभं करून मोजायची, माझी पोर आधी वर येते की ही थुया. आमच्याकडच्या बायका उंच नाहीत. थुया जिंकली. पहिल्यांदा निर्मलाचं तोंड गेलं, मग नुसती रिबन दिसायची, मग रिबनही गेली. मी टाचा उंचावून बघायची, नंतर धुण्याच्या दगडावर चढून. तुलसीराम एकदा म्हणाला, "बगळा झालीस की ग तू." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो शेतावर निघून गेला. पोरीचा आवाज यायचा, हसू यायचं, पाढे म्हणणं यायचं. हिरव्यागार पानांतून नुसता आवाज. ज्याचं कुणी मेलंय त्यालाही असे आवाज येत असतील, पण माझी तर जिवंत होती, पंधरा पावलांवर.

एक्क्याऐंशी साल सरत आलं होतं तेव्हा गावात कांजिण्यांची साथ आली. निर्मला नऊ वर्षांची. एका सकाळी तिच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे लागलेले दिसले. आमच्यात कांजिण्यांनाही देवीच म्हणतात, आणि देवी आल्या की घरात फोडणी नाही, पाहुणा नाही, बाहेरच्याची सावलीसुद्धा नाही. मी तरी गेले. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून म्हटलं, "जाऊबाई, नुसतं लांबून बघते."

"देवीचं घर आहे," भगवती म्हणाली. "बाहेरच्या बाईची सावली नको."

बाहेरची बाई. मी तशीच मागं फिरले. भांडायला तोंड होतं हो मला, पण देवीच्या दारात भांडण करून पोरीला काही झालं असतं तर?

त्यानंतर आवाजही बंद झाला. हसू नाही, पाढे नाहीत. कधीतरी भगवतीचं पुटपुटणं, कधी कण्हणं. कितवा दिवस होता मला आठवत नाही, दुपारची वेळ, पुरुष शेतावर, आणि पलीकडून निर्मला रडायला लागली. मोठ्यानं नाही. दमलेली पोर रडते तशी, थांबत थांबत. मी दगडावर चढले, तर पडवीचं छप्पर तेवढं दिसलं. बादली पालथी घालून तिच्यावर चढले, ती घसरली आणि मी पडले. उठले ती सरळ घरात गेले आणि नवऱ्याचा उसाचा कोयता घेऊन आले.

कापताना मी काही विचार केला असं नाही. हात आपोआप चालत होते, लहानपणापासून ऊसच तोडला मी. एका टोकापासून सुरुवात केली आणि शेवटपर्यंत आडवी करत गेले, गुडघ्याच्या जरा वर. आतलं लाकूड तपकिरी, कोरडं, पानाचं नाव नाही. सगळं हिरवं वरवर होतं. चिकाचा उग्र वास हातांना लागला.

आणि मग दिसली. पडवीत चटईवर, कडुलिंबाच्या पाल्यावर पडलेली, तोंडभर फोड, केस मोकळे. कोयत्याच्या आवाजानं तिनं मान वळवली होती. मला बघून तिनं हात वर केला, जरासाच. मी पण केला. भगवती आतून आली, तिनं हेज बघितली, मला बघितलं, आणि पोरीच्या उशाशी बसून पंखा हलवत राहिली.

निर्मला बरी झाली. देवी उतरल्या, डहाळे निघाले. मग भगवती माझ्या दारात आली. मी आधीच बोलले, "फुटेल ती. उसासारखी फुटेल. पाऊस लागू दे, पहिल्यापेक्षा दाट होईल."

तिलाही ते पटलं. तीही उसातलीच. म्हणाली, "शिवरात्रीपर्यंत बघते. नाही फुटली तर भिंत. शब्द आठवतोय ना?"

ते महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले आणि सगळ्यात वाईट. निर्मला अख्खी दिसायची, केसांपासून पायांपर्यंत, आणि मी बुंध्यांपाशी बसून एकेक काडी चाचपायची. कारखान्याची मळी आणून घातली. शेणखत घातलं. तुलसीरामच्या नकळत उसाचं खत आणलं. सकाळ-संध्याकाळ पाणी. पाऊस धो धो लागला, गावातली जास्वंद फुटली, शेवगा फुटला, तोडलेला ऊस कमरेला आला. माझ्या थुया तशाच. उलट खालची राहिलेली हिरवळही पिवळी पडत चालली.

मी एकटीच बस पकडून त्या माळ्याकडे गेले. त्यानं विचारलं, "कुठून कापलीत?" मी हात गुडघ्याशी धरला. त्यानं मान हलवली. "मादाम, जिथं फांदीवर हिरवं उरत नाही तिथून ही जात फुटत नाही."

"कितीही पाणी घातलं तरी?"

"कितीही घातलं तरी."

"तुम्हीच सांगितलं होतं ना, वाढणार नाही म्हणून?" माझा आवाज चढला होता, लोक बघत होते. "कमरेच्या वर जात नाही म्हणालात. ती माझ्या डोक्यावर गेली."

तो बिचारा नव्हताच, तरी हळू आवाजात बोलला. "सगळीच झाडं वाढतात, मादाम. सावकाश वाढतं त्याला आम्ही बुटकं म्हणतो."

घरी येऊन मी काय केलं असेल? हसाल तुम्ही. रस्त्याकडेच्या फिलावच्या, म्हणजे सुरूच्या, हिरव्या फांद्या तोडून आणल्या आणि एकेका वाळक्या बुंध्याला तारेनं बांधल्या. लांबून हिरवं दिसायचं. दोन-तीन दिवसांनी सुकायच्या, मी परत आणायची. गाव बघत होतं. बसंतीचं डोकं फिरलं म्हणतात ते तेव्हापासून.

शिवरात्रीहून परत आल्यावर भगवती हेजजवळ आली आणि तिनं एक फांदी ओढली. तारेसकट हातात आली. मला वाटलं आता तोंड सोडेल. ती मातीतच बसली, कावडीला नेसायच्या पांढऱ्या साडीत.

"मला काय हौस आहे का ग?" ती म्हणाली. "पोर विचारायला लागलीय, काकी माझ्याकडे अशी का बघते. मी म्हटलं, तिला लेकरू नाही म्हणून. किती दिवस पुरेल ते? एक दिवस तुझ्या तोंडातून निघेल. मग माझ्याजवळ काय राहील?"

"आणि माझ्याजवळ काय आहे?" मी विचारलं.

मला उत्तर नको होतं. मला पोर हवी होती. ते मी तिला तोंडावर सांगितलं, पहिल्यांदा आणि शेवटचं. तिनं डोळे पुसले आणि उठून गेली.

तुलसीरामकडे मी आशेनं बघितलं, की परत आईचं नाव काढेल. तो म्हणाला, "आईचे सगळेच शब्द काही खरे झाले नाहीत, बसंती." एवढं बोलून तो बुंधे उपटायला गेला. मुळं सहज निघाली.

गवंडी आला, त्याच्याबरोबर ब्लॉकची गाडी आली. पाया आधीच झाला होता. निर्मलाला सुट्टी होती, ती आंगणभर नाचत होती, गवंड्याला पाणी नेऊन देत होती. मी धुण्याच्या दगडापाशी उभी होते, हातात पिळलेला कपडा घेऊन. एकावर एक ओळी चढत कमरेपर्यंत आल्या. निर्मला भिंतीपाशी आली आणि कोपर टेकून माझ्याकडे बघत राहिली. तोंडावर कांजिण्यांचे डाग अजून होते.

"काकी, ती झाडं परत का नाही फुटली?"

"तो ऊस नव्हता ग, बाळा."

"आई म्हणते, तुला लेकरू नाही म्हणून तू माझ्याकडे बघतेस." तिनं जरा विचार केला. "बघत जा. मला चालतं."

माझ्या तोंडात शब्द आला होता. अगदी दातांपाशी. पलीकडे पडवीत भगवती खांबाला धरून उभी होती, तिनं तो माझ्या तोंडावर बघितला असणार, कारण तिनं डोळे मिटून घेतले. मी गिळला.

गवंडी म्हणाला, सरक ग पोरी, आणि पुढची ओळ लावायला लागला. निर्मला हसत मागं झाली, आणि तिला खेळ सुचला.

"काकी, मी दिसते का?"

"दिसतेस."

एक ओळ चढली. आता नुसते डोळे आणि कपाळ. "आता?"

"दिसतेस."

परत एक. ती पलीकडे टाचा उंचावत असावी, रिबनचं टोक वर आलं, हललं आणि खाली गेलं. गवंड्यानं थापीनं सिमेंट सारखं केलं आणि शेवटचे ब्लॉक उचलले. माझ्यापुढे करडी भिंत होती आणि तिच्यावर आभाळ.

"काकी, आता दिसते?"

"दिसतेस," मी म्हटलं.